दाद न देणारे जंतू आणि औषधांचा बाजार

मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात जेवणाची ताटे हातात आली की दोन विषय हमखास निघतात. एक, सध्या कोणता शेअर घ्यावा. आणि दुसरा, भारतातून आईवडील येणार आहेत तर त्यांचा विमा कोणता घ्यावा. या दोन्हींना जोडणारा एक तिसरा विषय आहे. त्यावर या सदरात लिहावे असे बरेच दिवस मनात होते. तो विषय म्हणजे मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग, ज्याला इथले डॉक्टर ‘पायलोनेफ्रायटिस’ म्हणतात, आणि त्यावरील औषधांचा बाजार.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण २०२३ च्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या असताना त्यांना हे दुखणे झाले आणि त्यानिमित्ताने मी वाचू लागलो. वाचता वाचता लक्षात आले की यात वैद्यकशास्त्र जितके आहे तितकेच अर्थशास्त्रही आहे, आणि अर्थशास्त्राचा भाग आपल्या खिशाशी व घरातल्या वडीलधाऱ्यांच्या जिवाशी थेट जोडलेला आहे.

दुखणे नेमके काय?

आपल्या आतड्यात ‘ई. कोलाय’ नावाचे जंतू नेहमीच राहतात. तिथे ते फारसा उपद्रव करत नाहीत. पण तेच जंतू मूत्रमार्गातून वर चढले की आधी मूत्राशयाला आणि तिथून पुढे मूत्रपिंडाला संसर्ग होतो. मूत्रपिंडाच्या संसर्गाचे बहुतेक रोगी या ई. कोलायचेच असतात. मूत्राशयापुरता संसर्ग असेल तर लघवीला जळजळ, वारंवार जावे लागणे एवढ्यावर भागते. मूत्रपिंडापर्यंत पोचला की थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला पाठीत दुखणे, मळमळ व उलट्या सुरू होतात. वयस्कर माणसांत कधी कधी ताप फारसा नसतो. माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागतो किंवा मलूल पडतो. संसर्ग रक्तात उतरला तर जिवावर बेतू शकते. स्त्रिया, मधुमेही, मुतखड्याचे किंवा प्रोस्टेटचे रोगी आणि गर्भवती यांना धोका अधिक.

मूत्राशयाच्या संसर्गावर चालणारे प्रत्येक औषध मूत्रपिंडावर चालत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन या गोळ्या लघवीत भरपूर उतरतात, पण मूत्रपिंडाच्या मांसात पुरेशा प्रमाणात पोचत नाहीत. त्यामुळे मूत्रपिंडाच्या संसर्गासाठी डॉक्टरांच्या हातातली यादी मुळातच आखूड असते. त्या आखूड यादीतली नावे एकेक करून निकामी होत आहेत, ही खरी अडचण.

जंतू निगरगट्ट का होतात?

अनेक वर्षे या दुखण्यावरचे हुकमी औषध होते सिप्रोफ्लॉक्सॅसिन. अमेरिकेत १९८७ साली मान्यता मिळालेली ही गोळी तोंडाने घेता येते, मूत्रपिंडात चांगली पोचते आणि आता अत्यंत स्वस्त आहे. वॉलमार्टने २००६ साली चार डॉलरच्या औषधांची यादी काढली, तीत हिचेही नाव होते. पण जे औषध हुकमी आणि स्वस्त ते उठसूट वापरले जाते. २०१० साली अमेरिकन तज्ज्ञांनी मार्गदर्शक सूचना दिल्या की, ज्या भागात दहा टक्क्यांहून अधिक जंतू या जातीच्या औषधांना दाद देत नाहीत, तिथे केवळ गोळीवर विसंबू नये, आधी एक इंजेक्शन द्यावे. भारतात तर मोठ्या रुग्णालयांतून तपासलेले बहुतांश ई. कोलाय सिप्रोला दाद देत नाहीत, असे आयसीएमआरचे अहवाल दाखवतात. शिवाय या औषधांमुळे स्नायुबंध तुटण्याचा धोका असल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २००८ साली त्यांवर काळ्या चौकटीतली सूचना छापायला लावली. २०१६ साली साध्या मूत्रसंसर्गाला, अन्य उपाय असेल तर, ती देऊ नयेत असेही सांगितले.

माझ्या व्यवसायातल्यांना जंतूंची रीत पटकन समजेल. जंतूंपाशी मूळ गुणसूत्राशिवाय ‘प्लाझ्मिड’ नावाची डीएनएची छोटी कडी असते. एका जंतूने औषध निकामी करण्याची युक्ती या कडीवर लिहिली की तो ती शेजारच्या जंतूला, प्रसंगी दुसऱ्या जातीच्या जंतूलाही, देऊन टाकतो. पेन ड्राइव्हवरून प्रोग्रॅम कॉपी करावा तसे. अनुकूल स्थितीत ई. कोलाय दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. म्हणजे ही नक्कल किती झपाट्याने पसरेल याचा हिशेब आपणच करावा.

अशा युक्त्यांपैकी एक म्हणजे ‘ईएसबीएल’ नावाचे विकर. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन या कुळांतली बहुतेक औषधे ते तोडून टाकते. मग उरतात कार्बापेनेम कुळातली औषधे, आणि ती अमेरिकेत इंजेक्शनानेच द्यावी लागत आली आहेत. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे कार्बापेनेमलाही तोडणारी विकरे. यांतल्या एकाचे नाव आपल्याला ठाऊक असेल, ‘एनडीएम-१’. त्यातले एन आणि डी म्हणजे न्यू दिल्ली. दिल्लीत रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या मूळच्या भारतीय रुग्णाच्या मूत्रसंसर्गातून २००८ साली तो जंतू प्रथम हाती लागला. या नावावरून २०१० साली भारतात मोठा वाद झाला. नाव योग्य की अयोग्य ते सोडून देऊ. पण त्या गोष्टीतला रुग्ण तुमच्याआमच्यासारखा, परदेशात राहून मायदेशी जाऊन आलेला होता, हे विसरता येत नाही.

२०१७ साली नेदरलँड्समधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रवासापूर्वी ईएसबीएल जंतू नसलेल्या आणि दक्षिण आशियात जाऊन आलेल्या प्रवाशांपैकी सुमारे ७५ टक्के लोक असे जंतू पोटात घेऊन परतले होते. ते आजारी नव्हते, आणि बहुतेकांच्या पोटातून ते काही महिन्यांत नाहीसेही झाले. पण त्या काळात मूत्रसंसर्ग झाला तर नेहमीचे औषध लागू पडेलच असे नाही.

सासूबाईंच्या बाबतीत असेच झाले. पहिल्या दिवशी दिलेले सेफ्ट्रायाक्सोन लागू पडेना. कल्चरचा रिपोर्ट आला तेव्हा ईएसबीएल ई. कोलाय निघाला. मग अर्टापेनेम हे कार्बापेनेम दिवसातून एकदा शिरेतून. त्या बऱ्या झाल्या, पण रुग्णालयातून सोडल्यावरही रोज इन्फ्यूजन सेंटरला खेपा घालाव्या लागल्या. चालणारी गोळी असती तर यातले बरेच काही टळले असते. ती गोळी का नाही, या प्रश्नाने मला बाजाराकडे नेले.

नवे औषध काढणे हा आतबट्ट्याचा धंदा का?

आपल्याला वाटेल, गरज एवढी आहे तर कंपन्या धावून येतील. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट दाद न देणाऱ्या जंतूंमुळे झाले, असा अंदाज २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मागणी आहे, पण कंपन्या मात्र काढता पाय घेत आहेत. अॅस्ट्राझेनेकाने २०१६ साली आपली प्रतिजैविके फायझरला विकली. नोव्हार्टिसने २०१८ साली हे संशोधन थांबवले. त्यामागची कारणे अशी:

पहिले कारण, रोगी सात दिवसांत बरा होतो. रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी माणूस जन्मभर घेतो, प्रतिजैविक आठवडाभर.

दुसरे, औषध जितके चांगले तितके डॉक्टर ते राखून ठेवतात. नवे औषध सर्रास वापरले तर जंतू त्यालाही सरावतील, म्हणून ते कपाटात ठेवणे हेच शहाणपण. समाजाच्या दृष्टीने हे योग्यच, पण ज्याचा माल कपाटात राहतो त्या दुकानदाराने खायचे काय?

तिसरे, स्पर्धा स्वस्त मालाशी आहे. जुनी औषधे पेटंटमुक्त होऊन मातीमोलाने मिळतात, तर नव्यांचा खर्च दिवसाला शेकडो डॉलर. चाचण्याही बहुधा ‘जुन्यापेक्षा कमी नाही’ एवढेच सिद्ध करण्यासाठी असतात, त्यामुळे जास्त किंमत मागायला आधार उरत नाही.

चौथे कारण खास अमेरिकन. मेडिकेअर १९८३ सालापासून रुग्णालयांना दुखण्याप्रमाणे ठरावीक रक्कम देते. औषध महागडे वापरले तर फरक रुग्णालयाच्या खिशातून जातो. मग रुग्णालयाचा कल कुठे असेल ते सांगायला नको. यावर उतारा म्हणून काही नव्या प्रतिजैविकांसाठी वरची रक्कम देण्याची सोय आहे, पण तिचा उपयोग मर्यादितच झाला.

अॅकेओजेनची कहाणी

शेअरबाजाराची आवड असणाऱ्यांनी ही कहाणी जरूर लक्षात ठेवावी. कॅलिफोर्नियातल्या अॅकेओजेन या कंपनीने ‘प्लाझोमायसिन’ हे औषध काढले. सरकारच्या बार्डा या संस्थेकडून १० कोटी डॉलरहून अधिक साहाय्य मंजूर झाले होते. मूत्रपिंडाच्या संसर्गासह गुंतागुंतीच्या मूत्रसंसर्गाच्या ६०९ रोग्यांवर चाचणी झाली आणि मेरोपेनेमच्या तुलनेत औषध उतरले. जून २०१८ मध्ये एफडीएची मान्यता मिळाली. २०१४ सालापासून नॅसडॅकवर असलेल्या या कंपनीच्या भागधारकांना वाटले, घोडे गंगेत न्हाले.

प्रत्यक्षात २०१८ सालातली औषधाची विक्री दहा लाख डॉलरही झाली नाही, आणि एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे मान्यतेनंतर दहा महिन्यांत, कंपनीने दिवाळे काढले. चीन वगळता जगभरचे हक्क लिलावात गेले ते पन्नास लाख डॉलरहूनही कमी रोख रकमेत. घेणारी कंपनी होती सिप्लाची अमेरिकन शाखा. होय, १९३५ साली डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत स्थापन केलेली, आपल्या सर्वांच्या परिचयाची सिप्ला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मेलिंटा या दुसऱ्या प्रतिजैविक कंपनीनेही दिवाळखोरीचा अर्ज केला.

औषध चांगले होते, चाचणी यशस्वी झाली, मान्यताही मिळाली, आणि तरीही पैसा बुडाला. इतर औषधांच्या बाबतीत मान्यता हा शेवटचा अडथळा असतो; प्रतिजैविकांच्या बाबतीत खरी शर्यत तिथून सुरू होते.

वारे आता कुठल्या दिशेने?

मला तीन प्रवाह दिसतात.

पहिला प्रवाह जोडगोळ्यांचा. जुने प्रतिजैविक आणि त्याला जंतूच्या विकरापासून वाचवणारे दुसरे औषध, म्हणजे एक लढवय्या आणि एक त्याची ढाल. सेफ्टाझिडिम-अॅव्हिबॅक्टम (२०१५), मेरोपेनेम-व्हॅबोरबॅक्टम (२०१७) ही या प्रकारची. शिनोगी या जपानी कंपनीचे सेफिडेरोकॉल (२०१९) जरा वेगळे. ते लोहाला चिकटून जंतूच्या आत शिरते, कारण जंतूला लोहाची भूक असते. ही सारी शिरेतून द्यायची आणि रुग्णालयापुरती.

दुसरा प्रवाह गोळ्यांचा. पिव्हमेसिलिनॅम (२०२४), सुलोपेनेम (२०२४) आणि जीएसके कंपनीचे जेपोटिडासिन (२०२५) या गोळ्यांना अमेरिकेत लागोपाठ मान्यता मिळाली. पण वाचकांनी बारीक अक्षरे वाचावीत. ही मान्यता स्त्रियांच्या साध्या मूत्राशयसंसर्गासाठी आहे, मूत्रपिंडासाठी नाही. कंपन्या तिकडे का वळल्या? रोगी संख्येने फार अधिक आणि औषध थेट दुकानातून विकले जाते, रुग्णालयाच्या ठरावीक रकमेचा अडसर नाही. मूत्रपिंडाच्या दृष्टीने लक्ष ठेवण्याजोगी गोळी म्हणजे टेबिपेनेम, तोंडाने घ्यायचे कार्बापेनेम. एफडीएने २०२२ साली तिला नकार दिला होता. पुन्हा चाचणी घेतली तेव्हा शिरेतल्या इमिपेनेमच्या तोडीस ती उतरल्याने मे २०२५ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. गोळीमुळे रुग्णालयातले चार दिवस वाचले तर विमा कंपनी तिला आनंदाने पैसे देईल. बाजाराचा ओढा तिकडे आहे तो यामुळेच.

तिसरा प्रवाह भारतीय कंपन्यांचा, आणि तो मला विशेष वाटतो. २०२४ साली अमेरिकेत मान्य झालेल्या सेफेपिम-एन्मेटाझोबॅक्टम या जोडीतले दुसरे औषध चेन्नईच्या ऑर्किड कंपनीच्या प्रयोगशाळेत शोधलेले आहे. मुंबईच्या वोक्हार्टने सेफेपिम-झिडेबॅक्टम ही जोडी काढली आणि तिची चाचणी मूत्रपिंडाच्या संसर्गासह गुंतागुंतीच्या मूत्रसंसर्गावरच मेरोपेनेमशी तुलना करून घेतली. मोठ्या पाश्चात्त्य कंपन्या ज्या क्षेत्रातून बाहेर पडल्या तिथे आपल्याकडचे लोक पाय रोवत आहेत. त्यांच्यासमोर रोगी आहेत आणि कमी खर्चात काम करण्याची सवय आहे, हे त्याचे कारण असावे.

पैसे देण्याची नवी रीत

अग्निशमन दलाला आपण विझवलेल्या आगीप्रमाणे पैसे देत नाही. आग लागो न लागो, बंब तयार राहावा म्हणून कर देतो. प्रतिजैविकांचेही तसेच करावे असा विचार पुढे आला. इंग्लंडच्या एनएचएसने २०२२ साली तो अमलात आणला. सेफ्टाझिडिम-अॅव्हिबॅक्टम आणि सेफिडेरोकॉल या दोन औषधांसाठी, किती कुप्या वापरल्या याचा विचार न करता, प्रत्येकी वर्षाला सुमारे एक कोटी पौंड वर्गणी द्यायची. आमच्या धंद्यातल्या सॉफ्टवेअरच्या वार्षिक लायसन्ससारखेच हे. औषध जपून वापरले तरी कंपनी बुडत नाही.

अमेरिकेने २०१२ च्या ‘गेन’ कायद्याने नव्या प्रतिजैविकांना पाच वर्षांची जादा मक्तेदारी दिली. पण न खपणाऱ्या मालाची मक्तेदारी पाच वर्षे वाढवून काय साधणार? वर्गणीच्या धर्तीवरचे ‘पाश्चर’ विधेयक काँग्रेसमध्ये २०२० सालापासून अनेकदा मांडले गेले, पण २०२५ पर्यंत तरी ते मंजूर झाले नव्हते. भारतातही २०१३ साली ‘शेड्यूल एच-१’ आणून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे दुकानदारांना बंधनकारक केले. पाकिटावरची उभी लाल रेघ आपण पाहिली असेल. ती ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको’ असे सांगते.

आपण काय करावे?

१. भारतातून येणाऱ्या वडीलधाऱ्यांना मागचे कल्चर रिपोर्ट आणि गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्या प्रतिजैविकांची नावे लिहून आणायला सांगावे. पहिल्याच दिवशी योग्य औषध निवडायला याची मोठी मदत होते.

२. स्वतः भारतात जाऊन आल्यावर मूत्रसंसर्ग झाला तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती न विचारता सांगावी. तिथे रुग्णालयात राहिला असाल तर अवश्यच.

३. औषध सुरू करण्यापूर्वी लघवीचे कल्चर घेतले का, हे विचारावे. रिपोर्ट आल्यावर औषध बदलायचे का, गोळीवर येता येईल का, हेही विचारावे. गोळीने भागले तर खर्च कित्येक पटींनी कमी होतो.

४. बॅगेतून आणलेल्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. अर्धवट डोसाने रोग दबतो, कल्चर बिघडते आणि जंतू शिकतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच हा इशारा दिला होता.

५. लक्षणे नसताना केवळ लघवीच्या तपासणीत जंतू दिसले म्हणून औषधाचा आग्रह धरू नये. वयस्करांत असे जंतू पुष्कळदा आढळतात. गर्भवती आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होणारे रोगी हे अपवाद.

६. पाहुण्यांचा विमा घेताना ‘फिक्स्ड बेनिफिट’ आणि ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ यांतला फरक समजून घ्यावा. पहिल्यात प्रत्येक सेवेसाठी ठरावीक रक्कम मिळते आणि बाकीचे बिल आपले. मधुमेह किंवा मुतखडा आधीपासून असेल तर त्यासंबंधीची कलमे विशेष काळजीने वाचावीत. रुग्णालयाबाहेरच्या इन्फ्यूजनचा खर्च मिळतो का, हेही विचारावे.

७. पैशाच्या भीतीने इमर्जन्सीत जाणे टाळू नये. १९८६ च्या कायद्याने मेडिकेअरशी संलग्न रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागाला, पैसे असोत नसोत, रोग्याला तपासून प्रकृती स्थिर करावीच लागते. नंतर बिलाचा तपशील मागावा. ना-नफा रुग्णालयांना आर्थिक साहाय्याचे धोरण ठेवावे लागते, त्याचा अर्ज मागायला संकोच करू नये.

८. आणि शेअर्स? ‘अमुक कंपनीला एफडीएची मान्यता मिळणार’ एवढ्या बातमीवर पैसे लावू नयेत. त्या औषधाला पैसे कोण देणार, रुग्णालय की विमा कंपनी की सरकार, याचे उत्तर मिळाल्यावरच पुढचा विचार करावा. मुलांच्या कॉलेजचे पैसे तर यात मुळीच नकोत.

थंडी वाजून ताप आणि पाठीत एका बाजूला दुखणे, विशेषतः घरातल्या वयस्कर किंवा गर्भवती व्यक्तीला, हे ‘उद्या बघू’ म्हणण्याचे लक्षण नाही. वरील माहिती सामान्य स्वरूपाची आहे. औषधाबाबत आपल्या डॉक्टरांचा आणि गुंतवणुकीबाबत आपल्या सल्लागाराचा शब्द अखेरचा मानावा. मंडळातल्या डॉक्टर सभासदांनी यात भर घातली किंवा काही दुरुस्ती सुचवली तर पुढच्या अंकात ती जरूर छापू.